द्राक्षबागेच्या लॉगरमध्ये रीरॅम: एमबी८५एएस४एमटी चिपचं परीक्षण

तासगाव, कवठे महांकाळ, मिरज पूर्व या पट्ट्यातल्या द्राक्षबागांत खांबावर बसवलेली हवामान केंद्रं आता नवलाईची राहिलेली नाहीत. तापमान, आर्द्रता, पाऊस आणि पान किती तास ओलं राहिलं एवढ्या नोंदी मिळाल्या की डाऊनी (केवडा) रोगाची फवारणी आज करायची की दोन दिवस थांबायचं हे ठरवता येतं. अडचण नेटवर्कची असते. रेंज गेली की त्या काळातल्या नोंदी बोर्डावरच्या मेमरीत राहिल्या पाहिजेत, आणि वीज किंवा बॅटरी गेली तरी टिकल्या पाहिजेत. या कामाला आजवर ईईप्रॉम किंवा सिरियल फ्लॅश वापरतात. तिसरा पर्याय म्हणून रीरॅमचं, म्हणजे धातूच्या ऑक्साइडच्या पातळ थराचा रोध बदलून बिट साठवणाऱ्या मेमरीचं नाव हल्ली कुपवाड आणि सातारा एमआयडीसीत बोर्ड बनवणाऱ्यांकडून ऐकू येतं. हे परीक्षण त्यातल्या ४ मेगाबिटच्या एमबी८५एएस४एमटी या चिपचं आहे.

निकाल आधीच सांगतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक नोंद लिहायची आणि वर्षानुवर्षं बॅटरीवर चालवायचं, अशा लॉगरला ही चिप छान बसते. पाण्याच्या मीटरचे पल्स मोजून प्रत्येक पल्सला आकडा लिहायचा असेल तर ती घेऊ नका, एफरॅम (फेरोइलेक्ट्रिक मेमरी, जिच्यावर कितीतरी जास्त वेळा लिहिता येतं) घ्या. आणि बोर्डाला आधीच पाच मिलिअँपिअर खाणारा रेग्युलेटर लावलेला असेल तर या चिपच्या कमी विजेचा तुम्हाला दमडीचा उपयोग नाही.

कागदावर काय आहे

फुजित्सू सेमीकंडक्टरने ही चिप २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये आणली. तंत्र पॅनासोनिकबरोबर विकसित केलेलं. पॅनासोनिकने त्याआधी २०१३ मध्येच रीरॅम असलेला मायक्रोकंट्रोलर उत्पादनात आणला होता, त्यामुळे ही प्रयोगशाळेतून थेट विक्रीला आलेली वस्तू नव्हे. फुजित्सूचा मेमरीचा व्यवसाय २०२५ पासून रॅमझीड या नावाने चालतो. डेटाशीट शोधताना दोन्ही नावांनी शोधा.

क्षमता ५१२ किलोबाइट. व्होल्टेज १.६५ ते ३.६. जोडणी एसपीआय (मायक्रोकंट्रोलरशी बोलायची चार तारांची पद्धत), घड्याळ जास्तीत जास्त ५ मेगाहर्ट्झ. एका वेळी २५६ बाइटचं पान लिहिता येतं. वाचताना ५ मेगाहर्ट्झला ०.२ मिलिअँपिअर, लिहिताना १.३ मिलिअँपिअर, स्टँडबायमध्ये १० मायक्रोअँपिअर, स्लीपमध्ये २. लेखन १२ लाख वेळा, साठवण ८५ अंशांना १० वर्षं, कामाचं तापमान उणे ४० ते ८५.

या आकड्यांतला खरा वेगळा आकडा वाचनाचा आहे. सिरियल ईईप्रॉम आणि फ्लॅश वाचताना मिलिअँपिअरमध्ये बोलतात, ही त्याच्या अंशात भागवते. मात्र लॉगर वाचतो किती? दिवसातून एकदा-दोनदा, सर्व्हरवर नोंदी चढवताना. म्हणजे जाहिरातीत सर्वांत ठळक असणारा गुण आपल्या कामात सर्वांत कमी उपयोगी पडतो. बागेसाठी मोलाच्या गोष्टी दुसऱ्याच आहेत: आधी पुसण्याची गरज नाही, एखादाच बाइट बदलता येतो, आणि लिहिताना करंट फार लागत नाही.

आत काय घडतं

टँटलम ऑक्साइडचे दोन थर असतात. एक पूर्ण ऑक्सिजन असलेला, काही नॅनोमीटर जाडीचा. त्याखाली ऑक्सिजन कमी असलेला जाड थर. दोन्ही बाजूंना धातूचे इलेक्ट्रोड. कारखान्यात पहिल्यांदा जास्त व्होल्टेज देऊन पातळ थरात ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांचा एक बारीक मार्ग, म्हणजे फिलामेंट, तयार करतात. याला फॉर्मिंग म्हणतात. त्यानंतर एका दिशेने व्होल्टेज दिलं की त्या मार्गातल्या जागा ऑक्सिजनने भरतात आणि रोध वाढतो. उलट दिशेने दिलं की ऑक्सिजन पुन्हा बाजूला होतो आणि रोध उतरतो. जास्त रोध आणि कमी रोध, याच बिटाच्या दोन अवस्था, ० आणि १. वाचताना व्होल्टेज इतकं कमी ठेवतात की अणू हलत नाहीत.

ऑक्साइडचा रोध असा बदलतो हे १९६२ पासून ठाऊक आहे. २००८ मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेने टायटॅनियम डायऑक्साइडच्या थराला मेमरिस्टर, म्हणजे आपला रोध लक्षात ठेवणारा घटक, हे नाव जोडल्यावर गाजावाजा झाला, आणि त्यानंतर 'मेंदूसारखी चिप' या मथळ्यांना तोटा राहिला नाही. बागेतल्या पेटीत बसणाऱ्या चिपचा त्या मथळ्यांशी काही संबंध नाही. ही सरळ साधी मेमरी आहे.

भौतिकशास्त्र इथे सांगायचं कारण एवढंच, की डेटाशीटमधल्या तीन विचित्र वाटणाऱ्या ओळींचा उलगडा त्यातून होतो.

पहिली ओळ: पान लिहायला १६ मिलिसेकंद, सर्व बिट उलटे होत असतील तर. म्हणजे लेखनाचा वेळ किती बिट बदलतात यावर अवलंबून आहे. फिलामेंट हलवायला प्रत्येक सेलला पल्स द्यावा लागतो, आणि जो बिट बदलत नाही त्याला तो लागत नाही. म्हणून फर्मवेअरमध्ये डोळे झाकून २० मिलिसेकंद थांबू नका. स्टेटस रजिस्टरचा शेवटचा बिट शून्य होईपर्यंत वाचत राहा. ज्या नोंदींत वरचे बाइट फारसे बदलत नाहीत तिथे मायक्रोकंट्रोलर लवकर झोपू शकतो. तरीही हे मान्य करायला हवं की २५एलसी१०२४ सारखं साधं ईईप्रॉम तेवढंच पान जास्तीत जास्त ६ मिलिसेकंदांत लिहितं. रीरॅम म्हणजे वेगवान, हा समज इथे चालत नाही.

दुसरी ओळ: रीफ्लोच्या (भट्टीत सोल्डर वितळवून चिप बोर्डावर बसवण्याच्या) आधी लिहिलेला डेटा रीफ्लोनंतर टिकेल याची हमी नाही. २५० अंशांच्या पुढे रिकाम्या जागा आपोआप पसरू लागतात, फिलामेंट विरळ होतं. चिप खराब होत नाही, फक्त मजकूर जातो. म्हणून सेन्सरचे कॅलिब्रेशन आकडे, सिरियल नंबर वगैरे जे काही लिहायचं ते बोर्ड भट्टीतून बाहेर आल्यावर. चिप आधी प्रोग्रॅम करून मग बसवण्याची सवय असलेल्या असेंब्लीवाल्यांना हे ऑर्डरवर लेखी द्या. त्याच कारणाने कोऱ्या चिपमध्ये सगळीकडे एफएफ (सर्व बिट १) असेल असंही गृहीत धरू नका. तपासणीच्या वेळी अख्खी चिप एकदा स्वतः भरून घ्या. २०४८ पानं, प्रत्येकी जास्तीत जास्त १६ मिलिसेकंद, म्हणजे ३३ सेकंदांचं काम.

तिसरी ओळ: ८५ अंशांना १० वर्षं. उन्हाळ्यात उघड्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा खूप चढतं, पण ८५ च्या बरंच खाली राहतं, आणि रात्री उतरतं. साठवणीचा ऱ्हास तापमानाबरोबर झपाट्याने वाढणारा असल्याने खालच्या तापमानाला मुदत वाढते. बागेच्या दृष्टीने हा मुद्दा निकालात निघालेला आहे.

प्रयोगशाळेतली फिल्म आणि ही चिप

शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतल्या, म्हणजे कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या कॉलेजांत थिन फिल्मचं काम जुनं आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पात एफटीओ (वर वीजवाहक थर असलेल्या) काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर द्यायचा, वर चांदीचे ठिपके, आणि सोर्समीटरवर शून्य ते अधिक दोन, परत शून्य, उणे दोन, परत शून्य असा व्होल्टेजचा फेरा मारायचा, हा प्रयोग अनेकांना ओळखीचा असेल. आलेखावर मधे चिमटलेला इंग्रजी 8 चा आकडा उमटला की झालं. अशा वाचकाला चिप विकत घेताना एक प्रश्न पडतोच: आमची फिल्म शंभर फेऱ्यांत दमते, मग ही १२ लाख कशी काढते?

उत्तराचा मोठा भाग करंट आवरण्यात आहे. सोर्समीटरवर १ मिलिअँपिअरची मर्यादा लावली तरी फॉर्मिंगच्या क्षणी रोध एकदम कोसळतो आणि मीटरचं नियंत्रण सावरायच्या आत केबलमध्ये साठलेला भार फिल्ममधून वाहून जातो. एक मीटर कोॲक्सिअल केबल म्हणजे साधारण १०० पिकोफॅरड. पडद्यावर १ मिलिअँपिअर दिसतो, फिलामेंटमधून मात्र क्षणभर त्याच्या कितीतरी पट गेलेला असतो. फिलामेंट जाड होतं, मग रीसेटला, म्हणजे रोध पुन्हा वाढवायला, जास्त करंट लागतो, आणि थोड्याच फेऱ्यांत सेल कमी रोधावर अडकून बसतो. चिपमध्ये प्रत्येक सेलला चिकटून ट्रान्झिस्टर असतो. मधे केबल नाही, साठलेला भार नगण्य. कॉलेजात याच्या जवळ जायचं तर १ ते १० किलोओहमचा रेझिस्टर मीटरपाशी न लावता प्रोबच्या अगदी टोकाशी लावा. मीटरपाशी लावला तर केबल त्याच्या पुढे राहते आणि काहीच साधत नाही.

दुसरी गोष्ट चांदीची. चांदीचा इलेक्ट्रोड असेल तर बहुतेक वेळा ऑक्सिजन न हलता चांदीचेच आयन ऑक्साइडमध्ये शिरतात आणि धातूचा पूल बांधतात. आलेख सारखाच दिसतो, यंत्रणा वेगळी असते. अशा सेलवरून टँटलम ऑक्साइडच्या चिपबद्दल अनुमान काढू नये.

बोर्डावर बसवताना

पहिली ठेच पॅकेजची. पिनांमधलं अंतर नेहमीचं १.२७ मिलिमीटर, पण अंग २०९ मिलचं, म्हणजे ५.३ मिलिमीटर रुंद. आपल्याकडचे बहुतेक आठ पिनी फूटप्रिंट आणि हिरव्या रंगाचे स्वस्त ॲडॉप्टर १५० मिलचे, ३.९ मिलिमीटरचे. पाय पॅडच्या बाहेर लटकतात. लायब्ररीतून सिरियल फ्लॅशचा २०८ मिलचा रुंद फूटप्रिंट उचला, काम होतं. जुन्या ईईप्रॉमच्या जागी ही चिप सरळ टाकू असं कुणी म्हणालं तर आधी व्हर्निअर लावा.

पिनांची मांडणी ओळखीची: १ चिप सिलेक्ट, २ डेटा बाहेर, ३ राइट प्रोटेक्ट, ४ ग्राउंड, ५ डेटा आत, ६ घड्याळ, ७ होल्ड, ८ पुरवठा. होल्ड आणि राइट प्रोटेक्ट मोकळे सोडू नका, पुरवठ्याला बांधा. चिप सिलेक्टला १० किलोओहमचा पुल-अप (तार पुरवठ्याकडे ओढून धरणारा रेझिस्टर) हवाच. मायक्रोकंट्रोलर रीसेट होत असताना त्याच्या पिना तरंगतात आणि त्या गोंधळात घड्याळावर आलेले फुसके पल्स चिपला आज्ञा वाटू शकतात. पिन ८ लगत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक.

द्राक्षबागेत या पुल-अपला आणखी एक काम आहे. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) आणि गंधकाची फवारणी वर्षात कितीतरी वेळा होते, आणि तो फवारा ब्लोअरच्या जोराने केबल ग्लँडमधून आत शिरतो. मोरचुदाचा पातळ थर ओलसर हवेत पिनांमध्ये गळती निर्माण करतो. ग्लँड पेटीच्या खालच्या बाजूला घ्या, बोर्डावर कन्फॉर्मल कोटिंग (ओल रोखणारा पातळ लेप) मारा, आणि पुल-अप १०० किलोचा ठेवून करंट वाचवायच्या भानगडीत पडू नका. चिप सिलेक्ट वर असताना १० किलोतून काहीच वाहत नाही.

५ व्होल्टच्या अर्डुइनो उनोवर ही चिप लावू नका. पुरवठा ३.३ चा दिला आणि डेटाच्या तारा ५ च्या ठेवल्या तरी तेच. ईएसपी३२ किंवा एसटीएम३२ ला काही अडचण नाही.

फर्मवेअर: एफरॅमची लायब्ररी आणि अर्धवट चालणारा कोड

या चिपच्या बाबतीत सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो. आज्ञांचे कोड एफरॅम आणि ईईप्रॉमचेच आहेत: ०६ ने लेखन खुलं करा, ०२ ने लिहा, ०३ ने वाचा, ०५ ने स्टेटस बघा. पत्ता तीन बाइटचा, त्यातले खालचे १९ बिट कामाचे. ९एफ ने ओळख विचारली तर पहिले दोन बाइट ०४ आणि ७एफ येतात; ते आले म्हणजे वायरिंग ठीक. मग माणूस हाताशी असलेली एफरॅमची लायब्ररी लावतो, आणि ती चालतेही. पण निम्मीच.

एफरॅमला थांबावं लागत नाही, त्यामुळे त्या लायब्ररीत लेखनानंतर वाट बघण्याचा कोडच नसतो. इथे लेखन चालू असताना स्टेटस वाचण्याखेरीज चिप काही ऐकत नाही. परिणाम असा की पहिली नोंद उतरते, लगेच मागून आलेली दुसरी गडप होते. टेबलावर सावकाश चाचणी घेतली तर सगळं बरोबर. बागेत बफर रिकामा करताना एकाआड एक नोंदी गायब. एफरॅमला पानाची सीमाही नसते. इथे २५६ बाइटच्या पानाच्या शेवटाला लेखन पुढच्या पानावर सरकत नाही, त्याच पानाच्या सुरुवातीला वळतं आणि तिथलं जुनं खोडतं. शिवाय लायब्ररीतलं घड्याळ ८ किंवा १० मेगाहर्ट्झला ठेवलेलं असतं. ते ५ वर आणा, नाहीतर वाचलेला डेटा कधी बरोबर, कधी एक बिट सरकलेला.

दर लेखनानंतर परवानगीचा बिट आपोआप मिटतो, म्हणून ०६ ही आज्ञा प्रत्येक वेळी द्यायची, आणि ती दिल्यावर चिप सिलेक्ट एकदा वर नेऊन मगच ०२ द्यायचं. दोन्ही एकाच खाली ठेवलेल्या चिप सिलेक्टमध्ये पाठवले तर काहीही लिहिलं जात नाही आणि कुठे चूकही दिसत नाही.

नोंदीची रचना ३२ बाइटची ठेवली की बरेच प्रश्न मिटतात. चार बाइट क्रमांक, चार बाइट वेळ, सेन्सरचे आकडे, शेवटी दोन बाइट सीआरसी (नोंद शाबूत आहे का हे तपासायचा आकडा). एका पानात बरोबर आठ नोंदी, एकही नोंद सीमा ओलांडत नाही. पूर्ण चिपमध्ये १६,३८४ नोंदी. दर १५ मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला ९६. चिप १७० दिवसांनी भरते आणि जुन्या नोंदींवर फिरून येते. ऑक्टोबर छाटणीपासून फेब्रुवारी-मार्चच्या काढणीपर्यंतचा अख्खा हंगाम त्यात मावतो. १० मिनिटांनी घेतली तर ११३ दिवस, म्हणजे उशिराच्या वाणाला कमी पडेल.

पुढची नोंद कुठे लिहायची हा आकडा वेगळा साठवू नका. वीज आल्यावर क्रमांकांमध्ये दुभाजन पद्धतीने शोध घ्या: शून्याव्या जागेवरचा क्रमांक धरून, मधल्या जागेचा क्रमांक त्यापेक्षा मोठा की लहान एवढंच बघत जायचं. १४ वाचनांत टोक सापडतं, प्रत्येक वाचन आठ बाइटचं, एकूण वेळ मिलिसेकंदाच्याही आत. टोकाच्या नोंदीचा सीआरसी जुळत नसेल तर ती लिहिताना वीज गेली असं समजून तीच जागा पुन्हा वापरायची. या पद्धतीत कुठलाही सेल १७० दिवसांत एकदाच लिहिला जातो. १२ लाख लेखनांची मर्यादा मग चर्चेचा विषयच राहत नाही.

ब्लॉक प्रोटेक्टचे बिट वापरून वरचा चतुर्थांश भाग कुलूपबंद करता येतो, आणि कॅलिब्रेशन तिथे ठेवायचा मोह होतो. पण दोनशे बाइटांसाठी १२८ किलोबाइट अडकतात आणि १७० दिवसांचे १२८ होतात. ते आकडे मायक्रोकंट्रोलरच्या स्वतःच्या फ्लॅशमध्ये टाका.

१२ लाख कुठे पुरत नाहीत

ठिबकच्या मीटरवर लिटरला एक पल्स येतो असं धरा. तासाला ४००० लिटर, दिवसाला ६ तास, म्हणजे २४,००० पल्स. प्रत्येक पल्सला एकाच पत्त्यावर बेरीज लिहिली तर १२ लाख ५० दिवसांत संपतात. आठ बाइटच्या ६४ जागा आलटून पालटून वापरल्या तर तेच साडेआठ वर्षांच्या पुढे जातं. जागा ५१२ बाइट लागते आणि कोडच्या वीसेक ओळी. तेवढं करायची तयारी नसेल तर एफरॅम. तिथे मर्यादा लाखांत मोजायची नसते.

टिपिंग बकेटच्या पर्जन्यमापकाला मात्र ही अडचण नाही. ०.२ मिलिमीटरला एक टिप धरली तर ६०० मिलिमीटर पावसाच्या भागात वर्षाला ३००० टिपा. बिनधास्त एकाच जागी लिहा. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्कीच्या कंपनांची नोंद दर १० मिलिसेकंदांनी एका जागी लिहायची कल्पना कुणी काढली तर साडेतीन तासांच्या आत त्या सेलची हमी संपलेली असेल. शिवाय १६ मिलिसेकंदांच्या लेखनाला ती गतीच झेपणार नाही.

वीज आणि बॅटरी

दिवसाच्या ९६ नोंदी एकेक लिहिल्या, प्रत्येकाला पूर्ण १६ मिलिसेकंद धरले, तरी ३.३ व्होल्टला दिवसाची ऊर्जा साडेसहा मिलिज्यूल. त्याच दिवसात १० मायक्रोअँपिअरच्या स्टँडबायमध्ये जवळजवळ तीन ज्यूल जातात. चारशे पटींचा फरक. म्हणजे लेखनाचा करंट कमी करण्यावर डोकं लावू नका, चिप झोपवण्यावर लावा. स्लीपमध्ये दोन मायक्रोअँपिअर, हे चांगलं आहे, पण डब्ल्यू२५क्यू मालिकेची फ्लॅश पॉवर डाऊनमध्ये यापेक्षाही कमी खाते.

चिपला लिहितानाही १.३ मिलिअँपिअरच लागतात, म्हणून सरळ मायक्रोकंट्रोलरच्या एका आउटपुट पिनवरून पुरवठा देऊन, काम झालं की पूर्ण बंद करता येतं. इथे फ्लॅशचं घोडं अडतं. पुसताना तिला वीसेक मिलिअँपिअर लागतात आणि पिनवर व्होल्टेज बसतं. बंद करताना आधी एसपीआयच्या सगळ्या तारा खाली आणा, त्या पुल-अपचं वरचं टोकही चिपच्याच पुरवठ्याला जोडा. नाहीतर चिप इनपुटच्या संरक्षक डायोडमधून अर्धी जिवंत राहते आणि पुढच्या वेळी नीट उठत नाही. चालू केल्यावर डेटाशीटमधला पॉवर-अपचा वेळ थांबूनच पहिली आज्ञा द्या.

एवढं करून बोर्डावर एएमएस१११७ रेग्युलेटर असेल तर सगळं पाण्यात. तो एकटाच पाच मिलिअँपिअर खातो. एमसीपी१७०० लावा, तो दोन मायक्रोअँपिअरच्या आत राहतो. पण त्याची झेप २५० मिलिअँपिअरपर्यंतच, वायफाय चालू करणाऱ्या ईएसपी३२ ला तो पुरणार नाही.

नोंदी बिघडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण जीएसएम मोड्यूल. सिम८०० प्रसारणाच्या झटक्यात २ अँपिअरपर्यंत ओढतं, बॅटरीच्या तारा बारीक असतील तर पुरवठा क्षणभर बसतो, आणि नेमकं तेव्हा पान लिहिणं चालू असेल तर ती नोंद अर्धवट राहते. मोड्यूल चालू असताना लिहायचंच नाही असा नियम कोडमध्ये घाला. शिवाय पुरवठा जाताना लेखन पूर्ण होईल एवढा साठा हवा. मायक्रोकंट्रोलर १५ मिलिअँपिअर आणि चिप १.३, एकूण १६.३, १६ मिलिसेकंद, ३.३ वरून २.७ पर्यंत उतरायला मुभा. हिशेब ४३५ मायक्रोफॅरडचा येतो. ४७० चा लावून निश्चिंत होऊ नका, इलेक्ट्रोलिटिक २० टक्के कमी भरू शकतो. १००० चा लावा. शेजारी पंपाचा स्टार्टर आणि मुख्य वीजपुरवठ्यावर चालणारा लॉगर असेल तर हा कपॅसिटर पर्यायी नाही.

घ्यावी का, आणि कुठून

सांगली-मिरजेच्या दुकानांत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ईईप्रॉम आणि सिरियल फ्लॅश उभ्या उभ्या मिळते. रीरॅम ऑनलाइन वितरकांकडून मागवावी लागते, आणि पाच-दहा नग घेताना चिपपेक्षा वाहतूक आणि कर जड होतात. नगाला जास्त पैसे मोजून ४ मेगाबिट मिळतात, तर फ्लॅशमध्ये त्याहून कमी पैशांत ३२. ४ किलोबाइटचा सेक्टर पुसण्याची आणि एक लाख फेऱ्यांच्या मर्यादेची नीट सोय कोडमध्ये आधीच केलेली असेल, तर चालू बोर्ड बदलण्याचं कारण दिसत नाही. नवा बोर्ड असेल, नोंदी लहान आणि सुट्या असतील, पुसण्याच्या भानगडी नको असतील, तर रीरॅम घ्या. ऑर्डर देण्याआधी वितरकाच्या पानावर उत्पादन चालू असल्याचा शेरा तेवढा तपासा.

त्याच घराण्यातली ८ मेगाबिटची एमबी८५एएस८एमटी २०१९ मध्ये आली. घड्याळ १० मेगाहर्ट्झपर्यंत चालतं, वाचन आणखी कमी करंटवर होतं. तिचं २ बाय ३ मिलिमीटरचं वेफर पॅकेज हाताने सोल्डर करायच्या नादी लागू नका. आठ पिनी पॅकेज मिळत असेल तरच विचार करा.

पुराच्या पट्ट्यातल्या लॉगरसाठी एक वेगळी सूचना. २०१९ आणि २०२१ सारखं पाणी चढलं तर पेटी बुडतेच. अशी पेटी हाती आली की आधी बॅटरी काढा, बोर्ड डिस्टिल्ड पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, पूर्ण वाळवा, आणि लॉगर चालू न करता फक्त चिप वाचा. क्लिप लावून वाचताना क्लिप २०८ मिलची घ्या आणि मायक्रोकंट्रोलरचा रीसेट ग्राउंडला धरून ठेवा, कारण क्लिपमधून त्यालाही वीज मिळते आणि तो जागा होऊन नोंदी लिहू लागतो. बाजारातला काळा सीएच३४१ए प्रोग्रॅमर यासाठी वापरू नका, पुरवठा ३.३ चा असला तरी त्याच्या डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. ईएसपी३२ च्या कुठल्याही बोर्डावर पंधरा ओळींचा वाचक लिहा. ५ मेगाहर्ट्झला अख्खी चिप एका सेकंदाच्या आत बाहेर येते.